बंद गाडीचा पंप

“फोन आत ठेवा, ताई. टाकी उघडी आहे,” साहेब म्हणाले. “एक ठिणगी पडली तर गाडी जाईल आणि आपणही जाऊ.”

सुताराच्या बायकोने व्हिडिओ काढायला उचललेला फोन खाली केला. साहेब म्हणजे पोलीस ठाण्याचे मोठे अधिकारी, आणि ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. पेट्रोलच्या वासाने डोळ्यांना पाणी येत होतं. फोन आत ठेवून ती परत आली आणि शेडच्या दारात उभी राहिली.

सुतार गाडीच्या मागच्या भागात गुडघ्यांवर बसला होता. मागचं सीट काढून भिंतीला टेकवलेलं. त्याखालचं पत्र्याचं झाकण काढलं की टाकीचं तोंड, आणि त्या तोंडात पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप. पंप धरून ठेवणारी रिंग तो लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकत होता, कारण इथे लोखंडावर लोखंड आपटून चालत नाही. सुताराचं हत्यार मेकॅनिकच्या कामाला आलं, यावर एरवी त्याने दोन विनोद केले असते. आज तो नुसता ठोकत राहिला.

परवा रात्री चौकात एका पांढऱ्या गाडीने सायकलवाल्याला उडवलं आणि पळ काढला. सायकलवाला काल दवाखान्यात दगावला. पाहणाऱ्याला नंबर दिसला नव्हता, फक्त गाडीचा रंग आणि मॉडेल दिसलं होतं. तसल्या पांढऱ्या गाड्या या भागात चार-पाच तरी होत्या. पण सुताराच्या गाडीच्या बंपरला भलामोठा खड्डा होता. तो दोन वर्षांपूर्वी फळ्या उतरवताना पडला, हे आता कोणाला पटवणार?

त्याच्या हातात एकच गोष्ट होती. पंप गेल्यामुळे गाडी आठवडाभर जागेवर उभी होती. एवढं सिद्ध झालं तर तो सुटणार होता. नाही तर आत जाणार होता.

“मेकॅनिकला बोलवा, त्याच्याकडून लिहून घ्या,” असं बायको कालपासून कानीकपाळी ओरडत होती. पण साहेबांनीच फोनवर समजावलं होतं, “मेकॅनिकला कशाला मध्ये घालता? ऐन वेळी उलटला तर? पंप माझ्यासमोर काढा. मी डोळ्यांनी बघतो आणि विषय मिटवतो.” कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणत सुताराने भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली आणि त्याच मॉडेलचा एक चालू पंप मिळवून ठेवला.

साहेब एकटेच आले होते. आल्याआल्या त्यांनी बाह्या सरसावल्या आणि टॉर्च धरून उभे राहिले. इतका साधा अधिकारी सुताराने पाहिला नव्हता.

रिंग निघाली. पेट्रोल निथळणारा पंप त्याने अलगद वर काढला, पुसला आणि गाडीपासून लांब, अंगणाच्या टोकाला नेला. तिथे त्याने जुनी बॅटरी मांडून ठेवली होती.

“लावा वायरी,” साहेब म्हणाले.

सुताराने वायरी टेकवल्या. पंप गुणगुणला आणि छान फिरू लागला.

सुताराचं धाबं दणाणलं. दारातून बायकोचा “अगं बाई!” ऐकू आला.

“मिस्त्री,” साहेब शांतपणे म्हणाले, “हा तर चालतोय.”

“साहेब, थांबा. गार असला की असाच फिरतो. जरा तापला की मान टाकतो. गाडी फाटकाबाहेरसुद्धा जात नव्हती हो!”

“बघू.” साहेबांनी घड्याळावर नजर लावली.

पंप फिरत राहिला. सुताराने आयुष्यात कशाच्या मरणाची इतकी वाट पाहिली नव्हती. मर मेल्या, असं तो मनात घोकत होता. घाम नाकावरून ठिबकत होता, आणि पुसायचं म्हटलं तर वायर सुटेल.

पंप एकदा अडखळला. पुन्हा फिरला. मग घरघरला आणि थांबला. वायरी काढून लावल्या, तरी हूं नाही की चूं नाही.

“दोन मिनिटंसुद्धा नाही,” साहेब म्हणाले. त्यांनाही हायसं वाटल्यासारखं दिसलं. “दोष पंपातच ना? गाडीत नाही?”

“पंपातच, साहेब. दुसऱ्या गाडीत घातला तरी हेच करील.”

“झालं तर मग. आता दुसरा बसवून टाका. चालू गाडी बघूनच जातो.”

सुताराचा जीव भांड्यात पडला. पुढचं काम त्याने अर्ध्या तासात उरकलं. रबराची चकती, पंप, रिंग, नळी, वायर, झाकण, सीट. भंगारातला पंप गाडीबरोबरच जन्मल्यासारखा बसला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. बायकोने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच साहेबांसाठी चहा टाकायला आत वळली.

“नको ताई, निघतो.” साहेबांनी जुना पंप कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला आणि मोटारसायकलवर बसले.

सुतार हात जोडून पुढे झाला. “साहेब, तुमचे उपकार विसरणार नाही. तेवढं कागदावर आलं की मी सुटलो.”

“लिहितो ना, आजच लिहितो. पांढरी गाडी, बंपरला खड्डा. मी स्वतः येऊन तपासली, एका किल्लीत सुरू झाली.”

सुतार हसला. साहेब थट्टा करताहेत असंच त्याला वाटलं. “आणि पंपाचं, साहेब?”

“तो होय?” साहेबांनी मोटारसायकल सुरू केली. “तो माझ्या मुलाच्या गाडीतला. तीही पांढरीच आहे. पंप गेल्यामुळे बिचारी आठवडाभर जागची हललेली नाही.”