माती चालेल

चंद्रप्रकाश कढईत वाळू भाजत होता. मंद गॅसवर, शेंगदाणे भाजावेत तशी सारखी परतत. वाळूतून वाफ यायची थांबली तरी त्याने गॅस बंद केला नाही.

आतल्या खोलीतून मालनने विचारलं, "अहो, काय जळतंय?"

"काही नाही. तुझी शेती शिजतेय."

मालनला रक्ताचा कॅन्सर झाला होता. केमो सुरू झाली तेव्हाच डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, घरात माती नको. मातीत बुरशी असते, जंतू असतात. धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही, पण मालनच्या अंगात आता त्यांच्याशी झगडायला ताकद नाही. कुंड्या बाहेर काढा. फुलदाणीसुद्धा ठेवू नका.

दिंडोशीच्या त्या वन-रूम-किचनला खिडकीबाहेरची एकच ग्रिल होती आणि ती सगळी मालनची होती. मोगरा, अनंत, जास्वंद, ओवा. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा चंद्रप्रकाश त्या ग्रिलवरून कायम कुरकुरायचा. "टॉवेल वाळत घालायला जागा नाही, आणि हिची शेती बघा!" आता त्यानेच सगळ्या कुंड्या उचलून खाली कंपाउंडच्या भिंतीशी नेऊन ठेवल्या. त्या दिवशी मालन भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. पुढे केस गेले तेव्हाही ती इतकी रडली नाही.

मग तो माती नसलेली माती शोधायला लागला.

आरेच्या रस्त्यावर एक नर्सरी होती. तिथल्या माणसाने त्याला कोकोपीट दाखवलं, नारळाच्या सोडणाचा भुसा. थर्माकोलसारखे हलके पांढरे दाणे दाखवले. चंद्रप्रकाशने थोडं थोडं सगळंच घेतलं आणि पिशव्यांची तोंडं घट्ट बांधून खाली मीटरच्या खोलीत ठेवलं. प्रत्येक तपासणीला तो डॉक्टरबाईंना एकेक विचारायचा. कोकोपीट चालेल? नाही, त्यातही बुरशी धरते. पांढरे दाणे? त्यांची धूळ छातीत जाईल. नुसत्या पाण्यात फांदी ठेवली तर? साचलेलं पाणी तर नकोच. आता राहिली होती भाजलेली वाळू. तीही त्याने डबीत भरून दाखवायला नेली.

डॉक्टरबाई हसल्या. "दळवी, तुम्ही ऐकणार नाही ना? नको म्हणजे नको."

शेवटी त्याने खालीच, एका रिकाम्या कुंडीत मोगऱ्याच्या फांद्या लावल्या. मालन वरून फोनवर सांगायची. "वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या. नुसती माती पाणी धरून ठेवते, देठ कुजतो. आणि मूळ आलंय का बघायला सारखं उपटू नका."

तो उपटायचाच. फांद्या वाळून जायच्या.

"लावलीत ना वाट?" ती चिडायची. पाच-दहा मिनिटं त्याला झकास झापायची. तेवढा वेळ तिचा आवाज पहिल्यासारखा लागायचा. म्हणून तो पुन्हा नव्या फांद्या आणायचा.

केमोचा आणखी एक फेरा झाला. रिपोर्ट आले. डॉक्टरबाईंनी मालनला बाहेर बसवून ठेवलं आणि त्याला एकट्याला आत बोलावलं. त्या बराच वेळ बोलत होत्या. औषधं आता लागू पडत नाहीयेत, म्हणाल्या. केमो थांबवू या. घरी न्या. मासे, दही, पाणीपुरी, तिला आवडेल ते खाऊ दे.

चंद्रप्रकाशच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. काय विचारावं तेही सुचेना. म्हणून त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला.

"आणि माती?"

डॉक्टरबाईंनी समोरची फाइल मिटली.

"आता माती चालेल."

क्षणभर त्याला आनंदच झाला. मग त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

बाहेरच्या बेसिनवर त्याने तोंड धुतलं, रुमालाने खसाखसा पुसलं आणि मालनपुढे जाऊन उभा राहिला. "परवानगी मिळाली! रिपोर्ट चांगले आलेत. माती चालेल म्हणाल्या."

"खरंच? घ्या माझी शपथ."

"शपथ कसली घ्यायची त्यात? बाईच म्हणाल्या ना." त्याने तिची पिशवी उचलली. "चल, रिक्षा बघतो."

मालन त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग घरी कशाला? आधी नर्सरीत घ्या."

नर्सरीत झाडाखाली मातीचा ढीग होता. नुकतंच पाणी मारलेलं होतं. मालन उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली, बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत ढिगात घातले. तिने डोळे मिटले. चंद्रप्रकाशला ते बघवेना. तो पाठ फिरवून नर्सरीवाल्याशी मोठमोठ्याने बोलायला लागला.

"मोगऱ्याच्या चांगल्या फांद्या द्या हो. वाळू द्या, कोकोपीट द्या, सगळं द्या. आता ही स्वतः लावणार. मी हातसुद्धा लावणार नाही."

नर्सरीवाला पिशवी भरायला लागला.

"फांद्या नकोत," मालन म्हणाली.

"का गं? मोगराच हवा होता ना तुला?"

तिने मातीतले हात बाहेर काढले नाहीत. घरात काय काय संपलंय ते सांगावं, तशा रोजच्या आवाजात ती म्हणाली, "मोगऱ्याला मूळ धरायला महिना-दीड महिना लागतो, अहो. मूठभर मेथी घ्या. ती लवकर उगवते."