फुलदाणीखालचा माल

प्रदर्शनात वस्तू मांडायचे चौथरे आणि खटकन एकमेकांत बसणारी फरशी, हा त्याचा धंदा. या प्रदर्शनात एकाही माणसाला माल पसंत पडला नाही, तर मुकाट्याने सासऱ्यांच्या दुकानात जाऊन बसायचं, असं घरात ठरलेलं होतं. रिकामा चौथरा भकास दिसतो म्हणून बायकोने घरची फुलदाणी वर ठेवली आणि तिथेच घोळ झाला. येणारा-जाणारा त्याच्या फरशीवर उभा राहायचा, त्याच्याच चौथऱ्यावर कोपर टेकायचा आणि विचारायचा, "ही फुलदाणी केवढ्याला?"

"अहो साहेब, फुलदाणी सोडा, खालचं बघा! फरशीसकट पाच मिनिटांत सुटतं, टेम्पोत मावतं!" तो घसा फोडून सांगायचा.

"ते झालं हो. फुलदाणी द्यायची की नाही?"

"बाबांना सांगते, गल्ल्यामागची खुर्ची पुसून ठेवा," बायको म्हणायची.

शेवटच्या दिवशी सकाळी दोघं येऊन बघतात, तर चौथरे गायब आणि फरशीही गायब. उघड्या सिमेंटवर, कोणाचा पाय लागू नये अशी कोपऱ्यात, फुलदाणी तेवढी नीट ठेवलेली.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, बघत काय उभे राहिलात? पोलिसांना फोन लावा!"


"लावतो गं," डोळे पुसत तो म्हणाला, "पण आधी तुझ्या बाबांना लाव. म्हणावं, माल पसंत पडला."