गोमतीबाईचा ढाळ

चुन्याची रेघ गोमतीबाईच्या अंगणातून सरळ गेली होती, चुलीला वळसा घालण्याचीही तसदी न घेता. सकाळीच ओव्हरसियर ती ओढून गेला. मोठ्या साहेबांचा निरोप होता की आजच्या गोल्फच्या सामन्यात बाहेरून आलेल्या मदनसिंग या खेळाडूनं नाला एका टोल्यात पार केला, तर रेघेपासून मागचं सगळं मोडायचं. झोपडीसकट.

मेडशीच्या पुढं धरणाचं काम चाललं होतं. तिथल्या माळावर साहेब लोकांनी गोल्फचं मैदान केलं होतं, नऊ भोकांचं. या मुरमात हिरवळ कुठली उगवणार? म्हणून प्रत्येक भोकाभोवती डोझरच्या जळक्या तेलात कालवलेली वाळू चोपून काळा गोल करायचा, आणि त्यावरून चेंडू हलक्या हातानं भोकात ढकलायचा. हे नऊ गोल राखायचं काम गोमतीबाईचं. आठ वर्षं ती घरचं अंगण सारवून निघे आणि दिवसभर साहेबांची वाळू चोपत बसे. गुडघ्यांवर बसून केलेलं काम कुणाच्या नजरेत भरत नाही, तसं तिचंही भरलं नव्हतं.

सातवं भोक सगळ्यांत अवघड. तिच्या झोपडीपुढं साहेबांनी टोल्यासाठी बांधलेला मातीचा ओटा, त्यावरून हाणायचं, भोक नाल्यापलीकडं. कॅम्पातल्या कुठल्याच साहेबाचा चेंडू एका दमात पलीकडं गेला नव्हता. पण यंदा, अठ्ठ्याहत्तर साली, याच खेळावर पोट भरणारे खेळाडू सामन्याला आले होते. त्यांच्यापाशी काळ्या, हलक्या दांड्यांच्या विलायती काठ्या होत्या. त्यांना नाला पुरा पडणार नाही, लोक हसतील, याची साहेबांना धास्ती. मग ओटा शंभर हात मागं न्यायचा, आणि मागं होतं गोमतीबाईचं घर.

"टेकडीपल्याड राहू," नवरा लखीराम म्हणाला. "पानी दूर हाय, पन काय करतं आता?"

नाला ओलांडून गोमतीबाई आपल्या सातव्या गोलापाशी जाऊन उभी राहिली.

मदनसिंग बुटका, किडकिडीत माणूस. ओट्यावर चढला, एकदा नाल्याकडं पाहिलं आणि काठी फिरवली. आवाज आधी आलाच नाही. आधी चेंडू दिसला. तो वर गेला आणि वरच जात राहिला, नाल्यातल्या म्हशी, बाभळी, सगळं खाली टाकून. तो चेंडू आपलं घर घेऊन चालला आहे हे गोमतीबाईला कळत होतं. तरी तिचं तोंड उघडंच राहिलं. इतकं देखणं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. चेंडू पलीकडं पडला, दोन उड्या मारून घरंगळत आला आणि तिच्या काळ्या गोलावर थांबला. भोक तिथून चार हातांवर होतं.

साहेबांनी ओव्हरसियरकडं पाहून मान हलवली.

मदनसिंग नाला उतरून आला. सगळा माळ नाल्याकडं उतरता, म्हणून त्यानं तो उतार धरून चेंडू वरच्या अंगानं ढकलला. चेंडू उलटा, नाल्यापासून दूर वळला. त्यानं पुन्हा नेम धरला, चेंडू पुन्हा वळला. तिसऱ्यांदा भोकाला चाटून गेला. चौथ्यांदा कुठं आत पडला. नाला एका टोल्यात, आणि चार हातांना चार.

मदनसिंग उकिडवा बसला. वाळूवर तळहात ठेवला, मग गाल टेकवून पाहिलं. त्यानं हा गोल कुणी केला म्हणून विचारलं. सगळ्यांची बोटं गोमतीबाईकडं गेली. घर तर गेलंच, आता कामही जातं, असं तिला वाटलं.

"पावसात वाळू नाल्यात वाहून जाते जी," ती चाचरत म्हणाली. "म्हनून म्या नाल्याकडची बाजू उचलली, बोटभर. अंगनाले देतो तसाच ढाळ देल्ला."

मदनसिंगला ते अंगण पाहायचं होतं. मग सगळेच निघाले. खिळ्यांचे बूट त्यानं बाहेर काढले आणि चेंडू उंबऱ्यापाशी अलगद ठेवला. चेंडू क्षणभर थांबला. मग आपसूक निघाला, सबंध अंगण ओलांडून, चुन्याच्या रेघेवरून, थेट निंबाच्या आळ्यात. मदनसिंगनं तो उचलून आणला आणि पुन्हा ठेवला. चेंडू पुन्हा त्याच वाटेनं गेला. त्याच्या चेहऱ्यावर आता तेच होतं, जे मघाशी चेंडू वर जाताना गोमतीबाईच्या चेहऱ्यावर होतं.

"साब," तो साहेबांना म्हणाला, "कल इससे भी लंबी मारनेवाली काठी आयेगी. ओटा पीछे लेते लेते मंगरूळपीर पहुंच जाओगे. लंबा कोई भी मारेगा. ये हाथ कहां से लाओगे?"

साहेबांनी अंगणावरून नजर फिरवली. मग ओव्हरसियरला म्हणाले, घर राहू दे, ओटा आहे तिथंच ठेव.

गोमतीबाईनं शेणाचं घमेलं पुढं ओढलं, पाणी ओतलं, हातानं कालवलं आणि वर पाहिलं.

"पाय उचला जी साहेब," ती म्हणाली. "रेघेवर उभे हा तुमी."