घाट उतरू दे

शोरूममधल्या गाडीचं मागचं दार बायकोसाठी उघडून शांताराम सवयीप्रमाणे अदबीनं उभे राहिले.

"मी काय मॅडम आहे तुमची?" विमलताई जपमाळ आवरत हसल्या.

ते ओशाळले. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवून निवृत्त झालेल्या माणसाला स्वतःसाठी एकही पसंत पडेना. आज असेच परतले, तर पुन्हा गाडीचं नाव काढणार नाहीत, हे त्या ओळखून होत्या.

"तुम्हीच बसा मागे," म्हणत त्या स्टिअरिंगपुढे बसल्या.

"तुला कुठं चालवता येतं?"

"देव चालवतो. बसा."

ते अंग चोरून बसले, मग हळूहळू रेलले. विमलताई रामनाम पुटपुटू लागल्या. ऊन काचेवरून सरकलं आणि उभी गाडी घाटाला लागली.

"सावकाश गं," मागून झोपाळू आवाज आला. "पुढं वळण आहे."

त्यांनी स्टिअरिंग अलगद वळवलं. "हीच घ्यायची ना?"

"घेऊ. आधी घाट उतरू दे."