तरीही पुढे जायचं?

"एक तर हे भंगार बाहेर जाईल, दाजी, नाहीतर तुम्ही!"

मेव्हण्याचा आवाज काचेपलीकडे रिपोर्टसाठी ताटकळलेल्या पेशंटांपर्यंत गेला. दाजींनी वळूनही पाहिलं नाही. ते म्हातारीला चालू करत होते.

म्हातारी म्हणजे लॅबचा जुना सर्व्हर. पुढच्या जाळीला पोचा, रंग उडालेला. त्याच कपाटात तिच्या वरच्या खणात नवी. काळीभोर, चकचकीत जाळी. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. आजी आणि नात म्हणा.

दोघींच्या पोटात सॉफ्टवेअर मात्र एकच, अगदी ताजं. एका डब्यात दहा कॉम्प्युटर नांदवणारं. एका खोलीत रक्ताचे रिपोर्ट, दुसरीत एक्स-रे, माळ्यावर पगार. इतक्या जुन्या यंत्रावर हे चालणारच नाही, असं बनवणारेच सांगत होते. दाजींनी चालवून दाखवलं होतं. फक्त म्हातारी चालू करताना पडद्यावर दरवेळी पिवळी पाटी यायची: 'हा प्रोसेसर फार जुना आहे. जबाबदारी तुमची. तरीही पुढे जायचं?' दाजी 'हो' दाबायचे. म्हातारी घरघरायची आणि कामाला लागायची.

"आज अडकली कोण?" दाजी म्हणाले. "नवी. परवा कोण? नवी. आणि भंगार ही?"

मेव्हण्याशेजारी नवी विकणारा टायवाला उभा होता. "सर, जुन्या मशीनच्या संगतीनं नवी बिघडते," तो गोड हसून म्हणाला.

"संगतीनं? मशीन आहे का कॉलेजातलं कार्टं?"

"दाजी, जीभ आवरा! ते एक्सपर्ट आहेत."

"मग एक्सपर्टला सांग ना, नवी उघड आणि तपास. एवढंच म्हणतोय मी कधीपासून."

"गॅरंटीतलं मशीन असं कुणाच्या सांगण्यावरून उघडत नाहीत," टायवाला म्हणाला. "आधी जुनी काढा, मग बघू."

दाजींची कानशिलं तापली. या दीडशहाण्या मेव्हण्याला त्यांनी सायकल शिकवली होती, सीट धरून गल्लीभर धावत. सासऱ्यांच्या मागे लॅब त्याच्या हाती आली आणि 'दाजी' हा शब्दच त्याच्या तोंडी शिवी झाला. सोडून जाणं सोपं होतं. पण ते गेले आणि म्हातारीही गेली, की नवी अडकल्यावर पेशंटांनी जायचं कुठे?

"सोमवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "रविवारी दोघींची साफसफाई करतो. त्यानंतर जी अडकेल ती बाहेर."

"बाहेर कशाला? जी अडकेल ती माझ्या हातानं फोडीन!"

रविवारी लॅब बंद होती. दाजींनी दोघींना खाली उतरवलं, जाळ्या काढल्या, ब्रश फिरवला, ब्लोअर मारला आणि सगळं परत बसवलं. हात चालू होते आणि तोंडही. टायवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला तेव्हाच काम संपलं.

सोमवारी दुपारी काचेपलीकडे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमका तेव्हाच पोचा आलेल्या जाळीमागे लाल दिवा लागला. रिपोर्ट थांबले.

"मेली!" मेव्हणा नाचायचाच बाकी राहिला. "बघा तुमची लाडकी! आणि ही बघा," त्याने चकचकीत जाळीवर थाप मारली, "हूं नाही की चूं नाही!"

"क्वालिटी बोलते, सर," टायवाला म्हणाला.

दाजींनी रिपोर्टचं काम वरच्या यंत्रावर हलवलं. रांग सरकायला लागली. मग ते वळले.

"शेवटचं सांगतो, फोडू नकोस. कंपनीकडे पाठव, तपासू दे त्यांना."

"या डबड्याला कंपनीत कोण विचारतंय?"

"आम्ही तर हातसुद्धा लावणार नाही," टायवाल्याने दुजोरा दिला.

"ऐकलंत, दाजी?"

"ऐकलं. चारचौघांनी ऐकलं. कर मग तुझ्या मनासारखं."

पेशंटांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून टाकाऊ यंत्र मागच्या अंगणात फोडायची लॅबची पद्धत होती. शिपायाने ते खांद्यावर घेतलं. "म्हातारी भलतीच हलकी निघाली हो!"

"आत काही असेल तर ना!" मेव्हण्याने बाह्या सरसावल्या आणि घण उचलला. "माझ्या... लॅबमध्ये... असली थेरं... चालणार... नाहीत!" शब्दागणिक घाव. पत्रा फाटला, आतल्या हिरव्या सर्किट-पट्ट्यांचा चुरा झाला. टायवाला टाळ्या पिटत होता. दाजी भिंतीला टेकून, मुठी आवळून बघत होते.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर मेव्हणा सर्व्हरच्या खोलीत आला. शर्ट अजून घामाने चिकटलेला. "आता नवी एकदा बंद करून चालू करा. त्या भंगाराचा वारासुद्धा उरायला नको."

"करायलाच हवं का? चांगली चाललीय."

"मी सांगतोय ना!"

दाजींनी बटण दाबलं. मेव्हणा पाठ करून फोनवर बोलायला लागला. "ताई, तुझ्या नवऱ्याची म्हातारी गेली एकदाची! खूप समजावलं, ऐकतच नव्हते. शेवटी नव्याची सर जुन्याला येते का गं?"

दाजींनी चकचकीत जाळीवरचा बोटांचा ठसा बाहीने पुसला. पडद्यावर पिवळी पाटी आली: 'हा प्रोसेसर फार जुना आहे. जबाबदारी तुमची. तरीही पुढे जायचं?'

दाजींनी 'हो' दाबलं.