नवी डीपी

गेल्या साली शेतातल्या मोटारींसाठी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आला, तेव्हा ती आणणाऱ्या ट्रॅक्टरवर चढून मथुराबाईनं तिच्यावर शेंदराचं स्वस्तिक काढायला घेतलं होतं. "चला मावशी, खांबावर चढवू द्या आता," म्हणत लाइनमननं घाई केली आणि स्वस्तिकाची चौथी भुजा काढायची राहूनच गेली.

यंदा ऐन उन्हाळ्यात वीज कंपनीची माणसं तीच डीपी दुरुस्तीला म्हणून उतरवून घेऊन गेली. निंबोला गावातली केळी उभ्या उभ्या वाळू लागली. मथुराबाईचा नवरा लोटू वीज ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता आणि "आएगी काका, आएगी" एवढंच ऐकून परत येत होता.

शहरात ई-रिक्षा चालवणारा त्यांचा मुलगा रितेश मात्र खुशीत होता. रिक्षावाल्यांनी मागे लागून लागून इतवारा भागात चार्जिंग स्टेशन मंजूर करून घेतलं होतं, आणि आज तिथली डीपी ट्रॅक्टरवरून आली होती. त्यानं मायला मुद्दाम शहरात बोलावून घेतलं होतं.

"माय, कंपनीनं एकदम नवी दिली, देख. पूजा तुझ्याच हातची पाहिजे."

मथुराबाईनं पदर खोचला, शेंदरात बोट बुडवलं आणि ती ट्रॅक्टरवर चढली.


डीपीवर स्वस्तिक आधीच होतं, फक्त त्याची चौथी भुजा तेवढी काढायची राहिली होती.