सीटची उंची

"सीटला हात लावायचा नाही. बाकी काय हवं ते करा." पोरीची सायकल दुकानाच्या दारात टेकवतानाच बापाने सांगून टाकलं.

मिस्त्री कामाला लागला. चेन धुतली, ब्रेकच्या तारा बदलल्या, दोन्ही टायर नवे चढवले. एरवी साधं पंक्चर काढतानाही गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करणारा माणूस, पण आज त्याने सरळ काम उरकलं.

रविवारी याच सायकलवरून निघायचं होतं. चार दिवसांत पाचशे किलोमीटर. लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केले होते, आणि पाचशे पुरे झाले तरच इस्पितळात मुलांच्या वॉर्डाशेजारी आईबापांना पाठ टेकायला एक खोली होणार होती. त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बापाने स्वतः सात महिने काढले होते. बाक काय चीज असते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बसून दाखवा जरा," मिस्त्री म्हणाला.

तो बसला. पायडल वर आलं की गुडघा थेट हँडलला लागत होता.

"साहेब, असे तुम्ही पन्नासच्या पुढे जात नाही. गुडघे बोंब मारतील."

"मारू देत."

"आणि खोली?"

"तिच्या मापाची आहे ही," तो म्हणाला. "तशीच न्यायचीय."

"माप मीच केलंय ते." मिस्त्री उकिडवा बसला आणि सीटखालची नळी फडक्याने पुसू लागला. "हे बघा."

नळीवर कानशीने मारलेल्या बारीक रेघा होत्या. एकाखाली एक, पाच. बापाने त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. सायकलचं काही निघालं की तो पोरीच्या हातात पैसे ठेवून तिला एकटीलाच इकडे पिटाळायचा. तेव्हा त्याला वेळ नसायचा.

"परीक्षा संपली की हजर. 'काका, सायकल परत लहान झाली.' मी म्हणायचो, सायकल आहे तेवढीच आहे, तूच लांबत चाललीयस. सीट वर केली की खूण मारायला लावायची. त्याशिवाय हलायची नाही इथून."

बापाने रेघांवरून अंगठा फिरवला. वरच्या चार एकमेकींपासून चांगल्या अंतरावर होत्या. पाचवी चौथीला अगदी चिकटून, बोल्टाच्या तोंडाशी होती.

"ही?"

मिस्त्री फडकं पिळत राहिला. "केस गेल्यावर टोपी घालून आली होती तेव्हाची. वर करायची काही गरज नव्हती. पण हट्टाला पेटली. मग केली, नखाएवढी."

बाप सायकलवरून उतरला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायचं त्याने सोडून दिलं.

"करा वर," तो म्हणाला.

मिस्त्रीने पान्याने बोल्ट सैल केला. सीट कुरकुरत वर आली. चार बोटं. आजवर आत दडलेली नळी बाहेर निघाली, तेल लागलेली, नवी कोरी, एक ओरखडा नसलेली. बाप पुन्हा बसला. पाय आता नीट सरळ होत होता.

बोल्ट आवळून झाला आणि सवयीने मिस्त्रीचा हात कानशीकडे गेला. त्याने ती नळीला लावलीही. बापाने खाली वाकून त्याचं मनगट धरलं.

"नको. तेवढी कोरीच राहू दे," तो म्हणाला. "तेवढी ती वाढायची होती."